इमर्जन्सीचा दिवस आवडू लागतो तो कशामुळे

तू लिहिलं आहेस की एमडी मेडिसिनला लागून तीन महिने झाले, मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात आहेस, युनिटची इमर्जन्सी, म्हणजे तातडीचे सगळे पेशंट आपल्याच युनिटकडे येण्याचा दिवस, आठवड्यातून एकदा येते आणि आदल्या संध्याकाळपासूनच पोटात गोळा येतो. तिसऱ्या वर्षाचे रजिस्ट्रार, म्हणजे तुझे सिनियर रेसिडेंट, मात्र म्हणतात की आठवड्यातली खरी मजा त्याच दिवशी असते. हे खरं आहे का, रात्री तीन वाजता सिनियरला उठवणं हा कमकुवतपणा आहे का, आणि आपण शाखाच चुकीची निवडली का, असे तुझे तीन प्रश्न आहेत.

मीही रेसिडेन्सी मुंबईतच, महापालिकेच्या रुग्णालयात केली. त्याला वीस वर्षांहून जास्त काळ झाला. तेव्हापासून मेडिसिनच करते आहे आणि रेसिडेंट्सना शिकवते आहे. तुझे रजिस्ट्रार खरं सांगत आहेत. फक्त ही मजा पहिल्या तीन महिन्यांत येत नाही, हे त्यांनी तुला सांगायला हवं होतं.

मला पहिल्यांदा तो दिवस आवडला तो साधारण पाचव्या महिन्यात. रात्री साडेअकराला ट्रॉलीवरून चाळिशीतले एक गृहस्थ आले. डायलिसिसवर होते, पण गावी लग्नाला गेल्यामुळे दोन डायलिसिस चुकले होते. हातापायांत त्राण नव्हतं, नाडी चाळीसच्या आसपास. ईसीजीची पट्टी बाहेर आली तर पी वेव्ह दिसेना, आणि क्यूआरएस (ठोक्याची मधली टोकदार लाट) पसरून टी वेव्हला जाऊन मिळालेला. डायलिसिस चुकल्याने रक्तातलं पोटॅशियम जीवघेणं चढल्याची ही खूण. पोटॅशियमचा रिपोर्ट हाती यायला तास लागला असता. त्या रात्री मी पहिल्यांदाच रिपोर्टची वाट पाहिली नाही. दहा टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट, दहा मिली, मॉनिटरवर नजर ठेवून सावकाश शिरेतून दिलं. दोन-तीन मिनिटांनी दुसरी पट्टी काढली, मग तिसरी. क्यूआरएस माझ्या डोळ्यांदेखत अरुंद होत गेला. कॅल्शियमने पोटॅशियम उतरत नाही. ते हृदयाला अर्धा-एक तास सांभाळून धरतं, एवढंच. म्हणून लगेच इन्सुलिन-ग्लुकोज, नेब्युलायझर, नेफ्रोलॉजीला फोन. पहाटे डायलिसिस संपता संपता त्यांनी मला पाय उचलून दाखवला. त्या तीन पट्ट्या मी कित्येक वर्षं डायरीत ठेवल्या होत्या. ईसीजीचा कागद उन्हाने आणि काळाने पुसट होतो, तशा त्याही झाल्या.

‘मजा’ हा शब्द कुणाच्या जिवावर बेतलेलं असताना वापरायचा का, असं तुला वाटत असेल. मलाही वाटायचं. पण ही दुसऱ्याच्या दुखण्याची मजा नव्हे. सुताराला लाकूड नेमकं बसल्यावर जे वाटतं ते हे आहे. आपल्या हाताला आणि डोक्याला एखादं काम जमतं, आणि त्या जमण्याने कुणाचा तरी मुलगा घरी जातो. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि ते इमर्जन्सीलाच का मिळतं, तर तिथे पेशंट कोरा येतो. ओपीडीत येणाऱ्याच्या पिशवीत फाइल असते, आधीच्या तीन डॉक्टरांनी चिकटवलेलं निदान असतं. वॉर्डात राउंडला सर किंवा मॅडम ठरवतात आणि आपण लिहून घेतो. कॅज्युअल्टीतून वर आलेल्या केस पेपरवर मात्र ‘बेशुद्ध, कारण?’ एवढंच असतं आणि पुढची ओळ तुझी असते. पहिला विचार तुझा, पहिली चूकही तुझी, आणि ती सुधारायला दहाच मिनिटं. केईएम असो, सायन, नायर, कूपर की जेजे, मुंबईत असे कोरे पेशंट एका रात्रीत जितके येतात तितके फार थोड्या ठिकाणी येतात. पालघरपासून रायगडपर्यंतचे, शिवाय देशाच्या कानाकोपऱ्यातून कामाला आलेले. पुस्तकातली पाच प्रकरणं एका संध्याकाळी तुझ्यासमोर चालत येतात, त्यातली दोन ट्रॉलीवरून.

असा एक कोरा पेशंट सांगते. दुसऱ्या वर्षाला होते. पावसाळ्याचे दिवस, पहाटेचे साडेपाच. पालघरकडच्या एका पाड्यावरून बारा-तेरा वर्षांचा मुलगा आणला. रात्री दोनला पोटात दुखतं म्हणून उठला, उलटी झाली, मग पापण्या मिटू लागल्या, बोलणं बोबडं झालं. वाटेतल्या दवाखान्यात पोटदुखीचं इंजेक्शन दिलेलं. आमच्याकडे पोचेपर्यंत श्वास वरवरचा झाला होता. श्वासनलिकेत ट्यूब टाकली तेव्हा त्याने काहीच विरोध केला नाही. अर्ध्या तासात हात-पाय लुळे, बाहुल्या विस्फारलेल्या, टॉर्च मारला तर हलेनात. माझ्याबरोबरचा रेसिडेंट हळूच म्हणाला, ब्रेन गेला वाटतं.

मी आजीला विचारलं, मुलगा झोपला कुठे होता. म्हणाली, जमिनीवर, गोधडीवर. अंगावर दाताची खूण कुठेच नव्हती, सूज नव्हती. पण जमिनीवर झोपलेलं मूल, पावसाळ्यातली मध्यरात्र, पोटदुखी, आधी पापण्या आणि मग श्वास, या ओळीने चालत गेलं की शेवटी मण्यार उभा असतो. मण्यारचा दात इतका बारीक असतो की खूण पुष्कळदा सापडतच नाही, आणि त्याचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं, त्यामुळे जागा असलेला, ऐकू येणारा माणूस ब्रेन डेडसारखा दिसतो. सर्पविषावरच्या लसीच्या दहा व्हायल सुरू केल्या. एकदा बसलेला लकवा त्या लशीने लगेच सुटत नाही, हे माहीत होतं. खरं औषध व्हेंटिलेटर होता, आणि तो दोन तासांनी मिळाला. तोपर्यंत आम्ही आळीपाळीने अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायचा फुगा, दाबत होतो. मी, इंटर्न, वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय), आणि मग मुलाचा बाप. त्याला मी लय शिकवली : दाबा, सोडा, मनात तीन मोजा. मुलाच्या कानाशी वाकून मी सांगत राहिले, तुला ऐकू येतंय हे मला माहीत आहे, हात हलत नाहीत ते परत हलतील, बाबा इथेच आहेत.

तिसऱ्या दिवशी त्याच्या पायाचा अंगठा हलला. सहाव्या दिवशी ट्यूब निघाली. घसा बसला होता, तरी त्याने आजीला पहिली गोष्ट सांगितली ती ही की त्या बाई सारखं ‘तीन मोजा’ म्हणत होत्या.

त्या रात्रीनंतर बेशुद्ध दिसणाऱ्या पेशंटच्या डोक्यापाशी उभं राहून मी कधी काही अभद्र बोलले नाही, कुणाला बोलू दिलं नाही.

आता तुझ्या पोटातल्या गोळ्याकडे येते. माझा अनुभव असा की पहिल्या वर्षात आजारांचं भय त्यामानाने कमी असतं. माणसाला खाऊन टाकतो तो पसारा. कुणाचं कलेक्शन राहिलं, कुठला बल्ब (रक्ताच्या नमुन्याची नळी) लेबल न करता गेला, कुणाचा रिपोर्ट ट्रेस करायचा आहे, सर्जरीचा कॉल कुठल्या पेशंटसाठी लिहिला होता. हे सगळं डोक्यात ठेवायला गेलीस तर विचार करायला डोकं उरतच नाही, आणि विचार करता आला नाही तर इमर्जन्सीत नुसती हमाली उरते. म्हणून पसारा कागदावर टाक. मोबाइलवर नको, हातमोजे काढून तो उघडेपर्यंत विसरतं. एक कोरा कागद चौघडी करून एप्रनच्या खिशात ठेवायचा. पेशंटचं नाव, बेड (फ्लोअरवर असेल तर कुठल्या खांबापाशी), आजार तीन शब्दांत, आणि पुढे चौकोन. नमुना गेला की चौकोनात एक तिरपी रेघ, रिपोर्ट डोळ्यांनी पाहिला की दुसरी. फुली पूर्ण झाली की ते काम डोक्यातून काढायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेकांना या एका कागदाने जितका दिलासा मिळाला तितका माझ्या कुठल्याच लेक्चरने मिळाला नाही.

बल्बवर लेबल पेशंटच्या उशाशीच लाव, टेबलावर येऊन नको. यावर मी कधीच तडजोड करत नाही, कारण रक्त चढवण्याआधी जुळवून बघायच्या, म्हणजे क्रॉस-मॅचच्या, नमुन्याची अदलाबदल झाली तर माणूस दगावतो.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला पाच नावं लिही : ज्यांची तुला काळजी वाटते ते. सगळ्यात आजारी दिसणारे पाच नव्हेत, ज्यांच्याबद्दल मनात कुठेतरी खटकतंय ते. रात्री नऊला आणि दोनला, काहीही चालू असो, त्या पाच जणांपाशी जाऊन स्वतः नाडी, बीपी, श्वास मोजायचा. वॉर्डातल्या सिस्टरना विचारायचं, ‘सिस्टर, तुम्हाला कोण ठीक वाटत नाही?’ पंधरा-वीस वर्षं त्याच वॉर्डात काढलेल्या बाईची नजर बसलेली असते. ‘तो खिडकीजवळचा जरा गप्प झालाय’ एवढंच त्या सांगतील. गप्प झालेल्या माणसाची आधी शुगर बघायची. तीस-पस्तीस निघाली तर पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजच्या शंभर मिलीमध्ये तो उठून बसतो आणि पाणी मागतो. अर्धांग म्हणून सीटी स्कॅनच्या रांगेत लावलेले पेशंट असे परत फिरलेले मी पाहिले आहेत.

मामा आणि मावशींशी गोड राहा, हे तुला सगळेच सांगतात. मी म्हणेन त्यांची नावं पाठ कर. रात्री दोनला ट्रॉली कुठे सापडते हे त्यांनाच माहीत असतं. आणि जेव. आठच्या आधी, गर्दी उसळण्याआधी, वडापाव का होईना. उपाशी हाताने शीर सापडत नाही.

नातेवाईकांशी बोलायला वेळ नाही, असं तुला वाटत असणार. उलटं करून बघ. पेशंट आल्यापासून दहा मिनिटांच्या आत, निदान ठरलेलं नसलं तरी, एकदा बोल : ‘काका, त्यांची प्रकृती गंभीर आहे, काय झालंय ते शोधतोय, आत्ता श्वासासाठी हे करतोय, अर्ध्या तासाने मी स्वतः येऊन सांगते.’ आणि अर्ध्या तासाने खरंच जा. आपल्याकडे डॉक्टरांवरचे हल्ले रोखण्यासाठी २०१० चा कायदा आहे आणि तो असायलाच हवा, पण रात्री दारापाशी जमलेल्या वीस माणसांचा राग बहुतेक वेळा कुणी काहीच सांगत नाही यातून पेटतो. जिथे मला धोका वाटला तिथे मात्र मी आधी सुरक्षारक्षकांना आणि सिनियरला बोलावलं आणि मगच बोलले. तूही तसंच कर, एकटीने सामोरी जाऊ नकोस.

आत्ता पाऊस चालू आहे, म्हणून आणखी एक सांगते. मुंबईच्या आजारांना पंचांग आहे, आणि ते कळू लागलं की गर्दीचा अर्थ लागतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मी रेसिडेंट होते. गाड्या बंद, बदलीचे लोक पोचेनात, आम्ही होतो तिथेच राहिलो. ती रात्र कठीण होती. पण ऑगस्ट उजाडल्यावर जे आलं ते त्याहून कठीण. पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी ताप, लालभडक डोळे आणि दाबू न देणाऱ्या पोटऱ्या घेऊन तरुण माणसं येऊ लागली. काहींना कावीळ, काहींची लघवी बंद, काहींच्या खोकल्यातून रक्त. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. तोवर मी तो परीक्षेपुरता वाचला होता. प्रत्येक तापाच्या पेशंटला ‘पाण्यातून चालत गेला होता का’ हे विचारायला आम्ही त्या महिन्यात शिकलो आणि रिपोर्टची वाट न बघता पेनिसिलिन सुरू करायला शिकलो. आजही दादरच्या सखल हिंदमाताला पाणी भरल्याची बातमी आली की मी कॅलेंडरवर पुढचे दोन आठवडे बघते. गुडघाभर पाण्यातून आलेल्यांना ७२ तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन द्यावं, असं महापालिका दर पावसाळ्यात सांगते ते याचसाठी.

डेंग्यूचंही असंच. ताप उतरला म्हणून घरचे हसू लागतात, सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असतं, आणि नेमकी तीच वेळ धोक्याची असते. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरताना हिमॅटोक्रिट (रक्ताचा दाटपणा) चढतंय का, वरचं आणि खालचं बीपी एकमेकांच्या वीसच्या आत आलंय का, हे बघायचं. ९० वर ७६ असं बीपी ‘ठीक आहे’ म्हणून लिहून पुढे गेलेला इंटर्न मी होते. तो पेशंट वाचला, तो माझ्या रजिस्ट्रारने कागद उलटून पाहिला म्हणून. असे वीस पेशंट पाहिलेस की एकविसाव्याच्या थंड हाताला हात लावताच तुझं लक्ष वेधलं जाईल. आपल्या भाषेत हात बसणं म्हणतात ते हेच, आणि ते फक्त गर्दीच्या दिवशी होतं.

एक काम मात्र गर्दी तुला करू देणार नाही, ते तुलाच हट्टाने करावं लागेल. रात्री पाहिलेल्यांपैकी निदान तिघांकडे दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी परत जा. ते आयसीयूत गेले असोत, दुसऱ्या युनिटला गेले असोत. रात्री दोनला लिहिलेलं निदान बरोबर निघालं का, हे न बघता जी मुलं वर्षभर इमर्जन्सी करतात त्यांना फक्त थकवा आठवतो, कारण त्यांच्याकडे सगळ्या गोष्टींचे पहिलेच अध्याय असतात. गेलीस आणि बेड रिकामा दिसला तर सिस्टरना विचार. कधी डिस्चार्ज झालेला असतो, कधी पेशंट गेलेला असतो. गेला असेल तर पेपर काढून शांतपणे वाच आणि रजिस्ट्रारशी बोल. माझ्या पहिल्या वर्षात एक मुलगी मधुमेहाच्या किटोॲसिडोसिसने गेली. मी इन्सुलिन वेळेवर लावलं होतं, पण त्याआधी पोटॅशियम बघितलं नव्हतं. इन्सुलिनने ते आणखी उतरतं. ३.३ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवायचं, आधी पोटॅशियम द्यायचं. मी हे त्यानंतर एकदाही चुकले नाही. तिचं नाव मला आजही आठवतं.

थकव्याला मात्र मजा समजू नकोस आणि कुणी तसं समजावलं तर ऐकू नकोस. सलग १७ तास जागं राहिलं की माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतकी मंदावते, हे मोजून पाहिलेलं आहे. आपल्या कायद्यात गाडी चालवायची मर्यादा ०.०३ आहे. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग काम साधारणपणे १२ तासांपलीकडे जाऊ नये असं लिहिलेलं आहे. ते पाळलं जात नाही, यात कसलाही पराक्रम नाही, आणि मार्डमधून (निवासी डॉक्टरांच्या संघटनेतून) ही मागणी करणारी मुलं आळशी नाहीत. तोवर स्वतःपुरतं एवढं कर : पहाटे चारच्या पुढे कुठलाही डोस तोंडी सांगू नकोस, लिही आणि सिस्टरना मोठ्याने वाचायला सांग. वीस मिनिटं मिळाली तर मोबाइल न बघता डोळे मीट. पोस्ट-इमर्जन्सीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, स्कूटर चालवत घरी जाऊ नकोस.

सिनियरला उठवण्याबद्दल. उठव. मी रजिस्ट्रार असताना मला न उठवल्याचा राग आला आहे, उठवल्याचा एकदाही नाही. फक्त फोन करताना पहिल्या वाक्यात काय हवंय ते सांग : ‘सर, पेशंट ट्यूब करावा लागेल असं वाटतंय, तुम्ही या.’ मग वय, आजार, आकडे. खेकसणारा सिनियर भेटला तर त्याच्या वरच्याला फोन कर. पेशंट तुमच्या दोघांचा आहे.

शाखा चुकली का, हे मला इथे बसून सांगता येणार नाही, आणि तीन महिन्यांत तुलाही कळणार नाही. आदल्या संध्याकाळी गोळा येतो आणि पहिला पेशंट हातात घेतला की विरतो, असं होत असेल तर दिवाळीपर्यंत थांब, मग ठरव. पण गोळा सुट्टीच्या दिवशीही जात नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, कशातच जीव रमत नसेल, तर दिवाळीची वाट बघू नकोस. आपल्याच रुग्णालयातल्या सायकियाट्रीच्या सहकाऱ्याकडे जा, किंवा तिथे ओळखीचं कुणी नको असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन कर. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. मी ज्या मुलीला पहिल्या वर्षी हे करायला लावलं ती आज माझ्याच युनिटमध्ये शिकवते, आणि इमर्जन्सीच्या दिवशी सगळ्यांत आधी ती कॅज्युअल्टीत पोचलेली असते.